वन, वही आणि विक्री : गावाच्या मालकीच्या वनउद्योगांचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी धारला शिकलो. पुढे १९८० नंतर पीथमपूरच्या माळावर कारखाने उभे राहिले, माळव्यातून आणि महाराष्ट्रातून कुटुंबे येथे वस्तीस आली आणि गुरुजींनी आपल्या उतारवयात या शाळेच्या उभारणीस हातभार लावला. त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे.

विषय कळविल्यावर चिटणीसांनी मला पत्राने विचारले होते की, कारखान्यांच्या गावात जंगलाविषयी व्याख्यान कशासाठी? प्रश्न रास्त आहे. परंतु येथील कारखान्यांत काम करणारे कितीतरी हात बाग, कुक्षी, गंधवानी या बाजूच्या भिल्ल-भिलाला गावांतून आलेले आहेत. ज्या गावापाशी जंगलाच्या रूपाने कच्चा माल आहे, त्या गावाने आपली माणसे मजुरीसाठी बाहेर पाठवावीत आणि तो माल मात्र दुसऱ्याच कोणाच्या नावाने ट्रकात भरून जावा, ही स्थिती कशी निर्माण झाली आणि ती बदलण्याचे कोणते प्रयत्न झाले, हा आपल्याच परिसराचा इतिहास आहे. तो मांडण्यापूर्वी मला स्वतःविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या इतिहासाशी माझी पहिली ओळख पुस्तकातून झालेली नाही.

१. शंभर आणि पाच

१९७१ सालच्या उन्हाळ्यात अकरावीची परीक्षा देऊन मी मोकळा झालो होतो. देवास जिल्ह्यात बागलीच्या बाजूला माझे मामा राहत. त्यांच्या ओळखीने मला तेंदूपत्त्याच्या फडावर लिहिण्याचे काम मिळाले. पहाटे अंधारात माणसे जंगलात जात, दुपारपर्यंत पाने खुडून घरी आणीत, घरातील सारी माणसे बसून पन्नास-पन्नास पानांची गड्डी बांधीत आणि संध्याकाळी त्या गड्ड्या डोक्यावर घेऊन फडावर येत. फडावर त्या मोजून उन्हात ओळीने मांडल्या जात. मोजणारा मुनीम आणि लिहिणारा मी.

शंभर गड्ड्यांमागे पाच गड्ड्या जास्त घ्यावयाच्या आणि वहीत शंभरच लिहावयाच्या, असा मुनीमाचा दंडक होता. फाटकी पाने आणि वाळताना होणारी घट ही त्यामागची सबब. एके संध्याकाळी एका बाईने आपल्या गड्ड्या मांडून झाल्यावर मला विचारले, किती लिहिलेस? मी म्हणालो, शंभर. ती काही न बोलता रिकामी पाटी उचलून निघून गेली.

सुट्टी संपल्यावर पहिल्या कमाईचे पैसे घेऊन मी मोठ्या अभिमानाने गुरुजींकडे गेलो. त्यांनी कामाची सारी हकीकत विचारून घेतली. महिन्याभरात एकूण किती शेकडे लिहिलेस, असे विचारले. मी अंदाजाने आकडा सांगितला. त्यांनी त्यास पाचाने गुणले, आलेला आकडा कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "हा तुझा हिशेब. आता पैसे खिशात ठेव." ते गणिताचे शिक्षक होते. याहून अधिक ते बोलले नाहीत.

पुढे माझे सारे आयुष्य सहकारी संस्थांची दप्तरे तपासण्यात गेले, आणि त्या अनुभवातून माझा जो विचार बनला तो मी आरंभीच सांगून टाकतो. वनोपजावरचा कोणताही उद्योग गावाचा आहे की नाही, हे तीन गोष्टींवरून ओळखावे. जंगलावरचा हक्क कोणाचा, ही पहिली गोष्ट. माल मोजून वहीत लिहिणारा कोणाला जबाबदार, ही दुसरी. आणि माल कोणाला, काय भावाने विकावा व तो गावाबाहेर कोणाच्या परवान्याने जावा, ही तिसरी. वन, वही आणि विक्री यांपैकी एक जरी परक्या हाती राहिली, तरी उरलेल्या दोहोंचे मोल हळूहळू कमी होत जाते. गेल्या पाऊणशे वर्षांतील प्रयोग या कसोटीवर तपासून पाहू.

२. हक्क गेला कसा

जंगलाचा कायदेशीर ताबा गावाकडून सरकारकडे गेला तो मुख्यत्वे १८७८ च्या वनकायद्याने. त्यात राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग केले होते. राखीव जंगलात गावकऱ्यांचे पूर्वापार व्यवहार अपराध ठरू शकत होते, आणि संरक्षित जंगलात ते सवलत म्हणून चालू राहत होते. या धोरणाच्या विरोधात पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याच काळात आवाज उठविला होता. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगल खात्याने गावोगावची चराऊ राने आपल्या हद्दीत ओढून घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या जनावरांना उभे राहण्यासही जागा उरली नाही, ही तक्रार स्पष्टपणे मांडली आहे. वनप्रश्न हा शेतीचाच प्रश्न आहे, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या कायद्यातही 'ग्रामवन' ही तरतूद होती. राखीव जंगलाचा एखादा भाग सरकारने गावाच्या स्वाधीन करावा, अशी सोय त्यात होती. कुमाऊंच्या डोंगरात लोकांनी तीव्र आंदोलन केल्यानंतर १९३१ च्या नियमांनी वनपंचायती स्थापन झाल्या, हा एक ठळक अपवाद सोडला तर गावाला जंगल सोपविण्याची वाट बहुतांशी कागदावरच राहिली. म्हणजे गावाकडे जंगल द्यावे ही कल्पना कायद्यास अपरिचित नव्हती. ती अमलात आणण्याची इच्छा मात्र नव्हती.

३. मुंबई प्रांतातील कूप-संस्था

गावकऱ्यांच्या संघटित वनउद्योगाचा पहिला मोठा प्रयोग मराठी मुलुखातच झाला. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. आदिवासी भागांची पाहणी करण्याचे काम डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे देण्यात आले, आणि त्यांच्या अहवालाने सावकार, जमीनदार व जंगल-ठेकेदार यांच्या पकडीत सापडलेल्या लोकांचे चित्र सरकारदरबारी नोंदले गेले. वेठ, अपुरी मजुरी आणि खोटी मोजणी यांचे ते चित्र होते.

अहवालावर कार्यवाही होण्यापूर्वीच युद्ध आले. लोक मात्र थांबले नाहीत. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. त्यांच्या मागण्यांमध्ये एक मागणी होती, पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी. गोदावरी परुळेकर यांनी आपल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्या लढ्याची हकीकत सांगितली आहे. मला त्या मागणीचे विशेष वाटते ते असे की, तीत दराबरोबर मापही ठरविले होते. दर वाढवून माप फुगविले तर मजुराच्या हाती काहीच येत नाही, हे त्या निरक्षर माणसांना पक्के ठाऊक होते.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई सरकारने जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना सुरू केली. त्यापूर्वी तोडीसाठी नेमलेला जंगलाचा तुकडा, म्हणजे कूप, लिलावात ठेकेदाराला जात असे. आता तो लिलाव न करता मजुरांच्या संस्थेला मिळू लागला. तोड, वाहतूक आणि विक्री यांची जबाबदारी संस्थेकडे आली. सभासदाला ठरलेली मजुरी आणि नफ्यात वाटा मिळू लागला. सेवाभावी कार्यकर्त्यांनी या संस्थांचे पालकत्व स्वीकारले. १९६० साली राज्याची विभागणी झाल्यावर महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांत त्या चालू राहिल्या. ठेकेदाराला बाजूला सारून आदिवासी मजुरांची संस्था इमारती लाकडाचा व्यापार करू शकते, हे या संस्थांनी दाखवून दिले. हे ऋण आपण विसरता कामा नये.

आपल्या कसोटीवर मात्र या प्रयोगाची मर्यादा लगेच दिसते. विक्रीत वाटा मिळाला, परंतु जंगल सरकारचेच राहिले. कोणता कूप तोडावयाचा, केव्हा आणि किती, हे वनखाते ठरवी. वही बहुधा बाहेरच्या शिकलेल्या माणसाच्या हाती असे. त्यामुळे संस्थेचे आयुष्य तोडीच्या परवानगीवर टांगलेले राहिले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगलाकडे महसुलाचे साधन म्हणून पाहणे नाकारले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात मंजूर कार्य-आयोजनेवाचून होणारी तोड थांबविली. जंगल वाचविण्याच्या दृष्टीने ही पावले योग्यच होती, परंतु कूप कमी होत गेले तशा अनेक संस्था निष्प्राण झाल्या. जंगल राखण्याचा हक्क व जबाबदारी त्यांना कधी दिलेलीच नव्हती, म्हणून तोड थांबताच त्यांच्यापाशी करण्यासारखे काही उरले नाही.

४. तेंदूपत्ता आणि माझा 'अ' वर्ग

आता आपल्या राज्याकडे वळू. तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारने आपल्या हाती घ्यावा, यासाठी मध्य प्रदेशाने १९६४ साली कायदा केला. देशात या बाबतीत मध्य प्रदेश अग्रणी होता, आणि महाराष्ट्राने तसा कायदा १९६९ साली केला. तरीही प्रत्यक्ष संकलन खरेदीदार व्यापारी आणि त्यांची माणसे यांच्या हाती राहिले. १९७१ साली मी ज्या फडावर बसलो होतो तो कायद्याने सरकारी व्यवस्थेतला फड होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

१९८४ साली राज्यात लघु वनोपज सहकारी संघ स्थापन झाला, आणि त्या दशकाच्या अखेरीस तेंदूपत्त्याचे संकलन प्राथमिक सहकारी संस्थांकडे सोपविण्यात आले. गावपातळीवर प्राथमिक संस्था, जिल्ह्यात जिल्हा संघ आणि भोपाळला राज्य संघ अशी तिहेरी रचना झाली. राज्यात अशा हजाराहून अधिक संस्था आहेत. एक हजार गड्ड्यांचा मानक बोरा धरून मजुरीचा दर जाहीर होऊ लागला. विक्रीनंतरच्या नफ्याचा भाग बोनस म्हणून पाने खुडणाऱ्याला परत मिळू लागला. मुनीमाच्या जागी संस्थेचा फडमुंशी आला. पूर्वीच्या तुलनेत हे फार मोठे पाऊल होते, आणि ते मी जवळून पाहिले आहे.

तथापि याच काळातील एक प्रसंग मला आपणापासून लपविता येत नाही. १९९० नंतरच्या दशकात एका प्राथमिक संस्थेचे दप्तर मी तपासले. रोजकीर्द, खतावणी, बोनसाचे वाटपपत्रक, सारे चोख होते. प्रत्येक नावापुढे अंगठा होता. काम आटोपल्यावर ओट्यावर बसलेल्या बायकांशी मी सहज बोललो. आपल्या नावावर यंदा किती गड्ड्या लिहिल्या गेल्या, हे त्यांपैकी एकीलाही सांगता आले नाही. नोंदीचे कार्ड प्रत्येकीला दिलेले होते, पण ती सारी कार्डे 'हरवू नयेत म्हणून' मुंशीच्या पेटीत होती. मी संस्थेला हिशेबतपासणीचा 'अ' वर्ग दिला. नियमांप्रमाणे तो बरोबरच होता. परतीच्या वाटेवर मला गुरुजींचा कागद आठवला.

मुंशी अप्रामाणिक होता असे मी म्हणत नाही, त्याचा हिशेब कदाचित पैन् पै खरा असेल. पण तो खरा आहे की नाही हे जाणण्याचा मार्ग मालकांपाशी नव्हता, आणि तो मजजवळ, बाहेरून आलेल्या माणसापाशी होता. सहकारी संस्थेत मालक अंधारात आणि तपासनीस उजेडात असेल, तर ती संस्था नावापुरतीच सहकारी.

शिवाय भाव आणि लिलाव यांचा निर्णय वरच्या संघात होई. गावाचा त्यात हात नव्हता. आणि जंगलावरच्या हक्काचा प्रश्न तर तसाच धगधगत राहिला. एप्रिल २००१ मध्ये देवास जिल्ह्यातील मेंहदीखेडा येथे जंगलावरून पेटलेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबाराने चार आदिवासी मृत्युमुखी पडले. फडावर बोनस वाटला जात असतानाच त्याच जिल्ह्यातील जंगलात ही घटना घडावी, यावरून विक्रीतील वाटा हा हक्काची जागा घेऊ शकत नाही, एवढे तरी सिद्ध होते.

५. मेंढा-लेखाचा गेटपास

हक्काच्या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले ते दोन टप्प्यांत. झाबुआचे खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबर १९९६ मध्ये पंचायतींचा अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार करणारा कायदा झाला, ज्यास आपण 'पेसा' म्हणून ओळखतो. त्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे देण्याचे तत्त्व मान्य केले. दुसरा टप्पा २००६ च्या वनहक्क कायद्याचा. त्यात गावाचा सामूहिक वनहक्क आला, जंगल राखण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार आला, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू व तेंदूपत्ता यांचा स्पष्ट उल्लेख आला.

या कायद्याचा अर्थ काय, हे देशाला दाखविले ते गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या लहानशा गोंड गावाने. १९८० नंतरच्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टनम् धरणांविरुद्धच्या चळवळीत हे गाव जागे झाले. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ त्यास लाभली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. परंतु घोषणेपेक्षा त्यांच्या दोन पद्धती अधिक महत्त्वाच्या आहेत. ग्रामसभेचा निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होई, आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषय समजून घेतला जाई. कायद्याचे कलम, मधमाश्या न मारता मध काढण्याची रीत, बांबूची वाढ, असे विषय गावाने बसून शिकून घेतले. म्हणजे कायदा येण्याआधी वीस वर्षे गावाने वहीची तयारी केली होती.

२००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. वन आले, वही होतीच. विक्री मात्र अडली. गावाने आपला बांबू विकावयाचे ठरविले तेव्हा वाहतुकीचा परवाना मिळेना. १९२७ च्या कायद्याच्या व्याख्येत बांबू हे झाड, आणि २००६ च्या कायद्यात ते गौण वनोपज, असा तो पेच होता. पीथमपूरच्या श्रोत्यांना गेटपास म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. माल तुमचा, यंत्र तुमचे, मजूर तुमचे, पण गेटपासाची पुस्तिका दुसऱ्याच्या खिशात असेल तर कारखाना कोणाचा? जंगलातील वाहतूक परवाना म्हणजे हाच गेटपास.

२७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याची पुस्तिका मेंढ्याच्या ग्रामसभेच्या स्वाधीन झाली. ग्रामसभा स्वतःच परवाना देणार, असा त्याचा अर्थ. देशाच्या वनइतिहासात मला ती पुस्तिका कोणत्याही अनुदानापेक्षा मोठी वाटते.

याला जगात इतरत्रही तोड आहे. मेक्सिकोतील ओआहाका प्रांताच्या डोंगराळ भागात जमीन कायद्याने गावसमाजाची होती, पण १९५६ साली लाकूडतोडीचा हक्क पंचवीस वर्षांसाठी एका कागद गिरणीला देण्यात आला होता. गावकऱ्यांना आपल्याच जंगलात मजुरी करावी लागे. मुदत संपत आली तेव्हा गावे एकत्र आली, त्यांनी ठेका पुन्हा देण्यास विरोध केला, न्यायालयात दाद मागितली आणि १९८० नंतरच्या दशकात आपले जंगल परत मिळविले. आज तेथील इश्टलानसारख्या गावांच्या स्वतःच्या लाकूडगिरण्या आहेत. गडचिरोलीचा बांबूही दीर्घकाळ कागद गिरणीलाच भाडेपट्ट्याने जात असे. दोन खंडांतील गावांना एकाच प्रकारच्या कागदाशी झगडावे लागले, एक गिरणीत होणारा आणि दुसरा कचेरीत होणारा.

६. हक्कानंतरचे प्रश्न

तिन्ही गोष्टी हाती आल्या म्हणजे सारे सुरळीत होते, असे सांगून मी आपली दिशाभूल करणार नाही. मेंढ्यानंतर विदर्भातील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्ता व बांबू यांची विक्री स्वतः केली. काही ठिकाणी व्यापाऱ्यांनी चढा भाव कबूल करून रक्कम थकविली. मोठी रोकड हाती आल्यावर गावात तट पडण्याची भीती असते. हिशेब मूठभर तरुणांच्या हाती राहिला तर जुन्या मुनीमाच्या जागी नवा मुनीम तयार होतो.

जंगलाचे काय होईल, ही शंकाही अनेक जाणकार घेतात. तिला दोन गावांचे उदाहरण पुरेसे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाला २०१२ साली सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. त्या गावाने बांबूच्या विक्रीवर आपला संसार उभा केला, पण तेंदूपत्ता तोडणे मात्र थांबविले. पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात आणि झाडाला फळ धरत नाही, असा विचार त्यामागे होता. हातातील पैसा सोडण्याचा निर्णय त्यांनी घेतला, कारण पुढच्या वर्षीही ते जंगल आपलेच असणार आहे याची त्यांना खात्री होती. ठेकेदाराला अशी खात्री कधीच नसते. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाने उजाड टेकडी राखून हिरवी केली आणि तेथील सीताफळे नीट प्रतवारी करून थेट शहरात विकली. टोपल्यातील सीताफळ वाटेवर उभ्या राहिलेल्या व्यापाऱ्याला देणे आणि तेच खोक्यात भरून आपल्या नावाने पाठविणे, यांतील फरक म्हणजेच उद्योग.

७. धार-देवासचे काय?

सीताफळाचे नाव निघाले की आपणा सर्वांना मांडू आठवते. मांडूच्या वाटेवर हिवाळ्यात सीताफळांच्या पाट्या आणि गोरखचिंचेची, म्हणजे तेथील लोक जिला खुरासानी इमली म्हणतात तिची, मोठमोठी फळे घेऊन बायका बसलेल्या असतात. गाडीतील प्रवासी भाव पाडतो आणि बाई तो मान्य करते, कारण संध्याकाळी ओझे परत नेणे तिला परवडत नाही. विंध्याच्या उतारावर मोहाचे फूल वेचले जाते, ते हंगामात स्वस्त विकले जाते आणि पुढे तेच महाग विकत घ्यावे लागते. साठवणुकीची एक खोली, एक वजनकाटा आणि चार महिने थांबण्याइतके भांडवल, एवढ्यावर हा व्यवहार उलटा फिरू शकतो.

कायद्याची वाट आता आपल्याकडेही खुली आहे. धार जिल्ह्याचा बहुतेक भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १५ नोव्हेंबर २०२२ पासून मध्य प्रदेशात पेसाचे नियम लागू झाले आहेत, आणि त्यांनुसार ग्रामसभा ठराव करून तेंदूपत्त्याचे संकलन व विक्री स्वतः करू शकते. देवास जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, परंतु वनहक्क कायदा तेथेही लागू आहेच. २०१८ पासून केंद्र सरकारची वनधन योजना वनोपजावर प्रक्रिया करणाऱ्या गटांना साहाय्य देते. कायदा आहे, योजना आहे, माल आहे. उणीव आहे ती वहीची.

म्हणून या शाळेकडे आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांकडे माझी एक मागणी आहे. आपणांपैकी कितीतरी जण येथील कारखान्यांच्या भांडारात, काट्यावर, हिशेब विभागात काम करतात. आवक-जावक वही, मालाची प्रतवारी, वजनातील घट, उत्पादनखर्च, गेटपास, या गोष्टी आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. जंगलाकाठच्या ग्रामसभेला नेमके हेच ज्ञान हवे आहे. सुट्टीच्या दिवशी दोन-चार जणांनी एखाद्या गावी जावे, तेथील तरुण-तरुणींना रोजकीर्द लिहावयास शिकवावे आणि परत यावे. तेथे मुनीम होऊन बसू नये. फडावर आज किती माल आला, कोणाच्या नावावर किती लिहिला, हे रोज संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखविण्याची रीत घालून द्यावी. माझ्या साऱ्या नोकरीत मी जी कलमे आणि नियम पाठ केले, त्या सर्वांपेक्षा ही एक रीत अधिक उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे, कारण जिला वाचता येत नाही तिलाही ऐकता येते.

बागलीच्या त्या बाईचे नाव मला ठाऊक नाही. मीच तिचे नाव रोज वहीत लिहीत असे, तरीही ते माझ्या लक्षात राहिले नाही. ती आज हयात असण्याचा संभव थोडा. तिच्या पाच गड्ड्या परत करणे माझ्या हाती नाही. गुरुजींचा तो कागद मात्र मी जपून ठेवला होता, आणि आज तो या शाळेच्या ग्रंथालयास देण्यासाठी बरोबर आणला आहे. त्यावर फक्त एक गुणाकार आहे. वरच्या वर्गांत हिशेब शिकविताना शिक्षकांनी तो मुलांना दाखवावा आणि त्यामागची हकीकत सांगावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.